दहावीनंतरचा पहिला जून

पत्र : मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत बारा वर्षे गणित आणि विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एक मुलगा आणि एक मुलगी एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, नव्वद टक्क्यांच्या वर गेले. गावाने त्यांचा सत्कार केला आणि दोघांनीही बेळगावात सायन्सला प्रवेश घेतला. मुलगी प्रथम पीयूत, म्हणजे अकरावीत, दोन विषयांत नापास झाली. मुलगा दिवाळीला घरी आला, तो परत गेलाच नाही. आता गोव्यात एका हॉटेलात काम करतो. तेव्हापासून पालक मला विचारतात की मुलांना आठवीलाच इंग्रजी माध्यमात घालावे का, दहावीनंतर कोल्हापूरला पाठवावे का, सायन्स घ्यावे की घेऊच नये. माझ्या हातात आठवड्याला दोन मोकळ्या तासिका आहेत. त्यांत मी काय करावे? आणि त्या मुलाचे आता काही होऊ शकेल का?

उत्तर :

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

तो मुलगा दिवाळीला घरी आला आणि परत गेला नाही, हे आपले वाक्य वाचून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही, कारण बेळगावच्या पीयू कॉलेजांत अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवताना ही गळती मी जवळपास दरवर्षी पाहिली आहे. वर्गातून नाव कमी होते ते दिवाळीच्या सुमारास, परंतु मूल मनाने वर्गाबाहेर जाते ते जूनच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांतच. ज्या मुलाने दहा वर्षे 'त्वरण', 'संयुजा' आणि 'वर्गसमीकरण' या शब्दांत विचार केला, त्याच्या कानावर एका सोमवारी सकाळी अचानक 'अ‍ॅक्सलरेशन', 'व्हॅलन्सी' आणि 'क्वाड्रॅटिक इक्वेशन' आदळू लागतात, आणि ही वस्तू आपल्या ओळखीचीच आहे एवढे त्याला सांगायला शेजारी कोणी नसते. दहावीपर्यंत पहिल्या बाकावर बसलेला मुलगा सहामाहीला नापास होतो, आणि घरी ज्यांनी सत्कारासाठी हार आणले होते त्यांना तोंड कसे दाखवायचे या विचाराने तो पुढचा निर्णय एकट्यानेच घेऊन टाकतो.

एका वर्षी माझ्या वर्गात जांबोटी भागातील एक मुलगा होता. त्याची वही तपासायला घेतली तेव्हा लक्षात आले की माझा इंग्रजीतला संपूर्ण तास त्याने देवनागरीत उतरवून घेतला होता, अगदी 'देअरफोर' आणि 'हेन्स प्रूव्ह्ड'सकट. अर्थ कळत नसताना त्याने पंचेचाळीस मिनिटे निव्वळ ध्वनी टिपले होते. त्याला मी फळ्यावर एक समीकरण लिहून मराठीत संतुलित करायला सांगितले, तर त्याने ते अर्ध्या मिनिटात केले. विषय त्याला येत होता, मराठी माध्यमाने त्याला काहीही कमी शिकवले नव्हते. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरण्याचा पूल मात्र कोणी बांधून दिला नव्हता, आणि त्यात माझ्यासारख्या कॉलेजच्या शिक्षकांचाही दोष होता, कारण बाहेर उभ्या असलेल्या मुलाकडे पाहण्याऐवजी आम्ही पोर्शन संपवण्याकडे पाहत होतो.

आपल्या त्या दोन तासिका या पुलासाठीच वापराव्यात, असे माझे मत आहे. यासाठी वेगळे साहित्य विकत घेण्याची गरज नाही. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची गणित आणि विज्ञानाची पुस्तके मराठीत आहेत तशीच इंग्रजीतही आहेत आणि संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. धडा तोच, आकृती तीच, उदाहरणही तेच. मराठीत शिकवून झालेल्या धड्याचे इंग्रजी पान मुलांसमोर ठेवावे आणि त्यांनीच आकृतीवरून, सूत्रावरून, ओळखीच्या आकड्यांवरून कोणता शब्द कशासाठी आला आहे ते शोधून काढावे. आठवीला एका तासिकेत एक परिच्छेद झाला तरी पुष्कळ झाले. प्रत्येक मुलाने दोन रकान्यांची एक वही करावी, डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी, आणि त्याखाली स्वतःच्या शब्दांत एक ओळ. पाठांतरासाठी छापील यादी कृपा करून देऊ नका. मुलांनी स्वतः शोधलेला शब्द दोन वर्षांनी कॉलेजच्या वर्गात आठवतो, यादीतला परीक्षेनंतर आठवड्यातच जातो.

नववीत गेल्यावर याच तासिकेत ऐकून टिपण काढण्याचा सराव सुरू करावा. आपण दहा मिनिटे सोप्या इंग्रजीत, फळ्यावर फक्त आकृती काढून, आधी शिकवलेलाच एखादा भाग बोलावा आणि मुलांनी मराठी-इंग्रजी मिसळून, बाण आणि चिन्हे वापरून टिपण घ्यावे. नंतर दोघांनी वह्या बदलून एकमेकांचे टिपण वाचून दाखवावे. माध्यमिक शाळेत आपण मुलांना उत्तरे लिहून देतो आणि ती फळ्यावरून उतरवून घेण्याची त्यांना सवय लागते. कॉलेजात उत्तर कोणी लिहून देत नाही, हा धक्का भाषेच्या धक्क्याइतकाच मोठा असतो, फक्त त्याची चर्चा होत नाही. आठवड्यातून एकदा तरी एखादा छोटा घटक न शिकवता मुलांना स्वतः वाचायला सांगावा आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याला प्रश्न विचारावेत. 'सर, हे मला कळले नाही' एवढे वाक्य इंग्रजीत, न लाजता, चारचौघांत म्हणता येणे हीसुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे. खानापूरच्या मुली वर्गात हुशार असतात आणि प्रश्न विचारताना मान खाली घालतात, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जवळून पाहिले असेल.

आता पालकांच्या प्रश्नांकडे वळतो. आठवीला मूल उचलून इंग्रजी माध्यमात घालण्याच्या मी विरोधात आहे, आणि त्यामागे मराठीच्या अभिमानापेक्षा व्यवहाराचे कारण मोठे आहे. ज्या वयात बीजगणिताची आणि भूमितीच्या सिद्धतांची पायाभरणी होते, त्याच वर्षी भाषा बदलली तर दोन्ही कच्चे राहतात. दुसरे कारण पालकांना सहसा ठाऊक नसते. कर्नाटकातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशांत ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांसाठी १५ टक्के जागा राखीव असतात, परंतु त्यासाठी पहिली ते दहावी अशी पूर्ण दहा वर्षे राज्यातील ग्रामीण भागातल्याच शाळेत काढलेली असावी लागतात. चांगली शाळा म्हणून आठवीला मुलाला शहरात आणून ठेवले की शहरातल्या त्या तीन वर्षांपायी हा हक्क कायमचा जातो. कन्नड माध्यमासाठी असलेला ५ टक्क्यांचा कोटा आपल्या मुलांना लागू होत नाही, त्यामुळे ग्रामीण कोट्याचे मोल आपल्याकडे अधिक आहे.

कोल्हापूरला पाठवण्याचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत एखादा मामा किंवा आत्या पलीकडे चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापुरात असते आणि सल्ला तिकडून येतो. तो सल्ला महाराष्ट्रापुरता बरोबर असतो आणि इथे येईपर्यंत चुकीचा होतो. महाराष्ट्रात अभियांत्रिकीचा प्रवेश एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो, म्हणून मामा सांगतात की बारावीच्या गुणांचे ओझे घेऊ नको, फक्त सीईटी कर. कर्नाटकात केसीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे गुण निम्मे आणि द्वितीय पीयूच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांचे गुण निम्मे धरून क्रमांक लागतो. मामांचे ऐकून ज्याने बोर्डाची परीक्षा सोडून दिली त्याची अर्धी बाजू आधीच पडलेली असते. केसीईटीत प्रत्येक विषयाला ६० प्रश्न आणि ८० मिनिटे असतात, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी व कन्नडमध्ये असते. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतूनही घेता येते, गणित मात्र इंग्रजीतच. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा मराठीतून देता येते हे खरे असले तरी मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. शिवाय दोन वर्षे इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला त्या वेळी मराठी पेपर जड जातो, असा माझा अनुभव आहे.

ज्याला महाराष्ट्रातील कॉलेजात प्रवेश घ्यायचा आहे त्याने अकरावी-बारावीसाठी घर सोडण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाच्या नियमांत वादग्रस्त सीमाभागातील आणि मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रकार आहे. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे त्यांतील मुलांना इथे पीयू करून, ठरावीक नमुन्यातील रहिवासाचा व मातृभाषेचा दाखला जोडून तिकडे अर्ज करता येतो. कर्नाटकातही सात वर्षे शिक्षण आणि दहावी वा बारावीपैकी एक परीक्षा इथून उत्तीर्ण, ही मूळ अट आपली मुले सहज पूर्ण करतात. म्हणजे सीमेवरच्या मुलाला दोन्ही राज्यांची दारे उघडी आहेत. इतक्या वर्षांच्या सीमाप्रश्नातून हाती लागलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक आहे, तर ती वापरावी. दोन्हींकडची माहितीपुस्तिका त्या-त्या वर्षी डिसेंबर-जानेवारीपासून पाहत राहावी, कारण अर्जाच्या तारखा निघून गेल्या की कोणताही कोटा कामाला येत नाही.

सायन्स घ्यावे की नाही, हा प्रश्न पालक दहावीच्या निकालानंतर विचारतात, आणि गुणांचा आकडा पाहूनच उत्तर ठरवतात. एसएसएलसी ६२५ गुणांची असते आणि त्यांतील प्रथम भाषेचे १२५, म्हणजे आपल्या मुलांसाठी मराठीचे. मराठीत १२२ आणि समाजविज्ञानात ९६ मिळवून टक्केवारी नव्वदीच्या वर गेलेल्या मुलाचे गणित ७० वर असू शकते. सायन्सला पाठवण्याआधी एकूण टक्के बाजूला ठेवून फक्त गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे तीन आकडे पाहावेत, आणि त्याहीपेक्षा नववीत त्या मुलाने स्वतः वाचलेल्या घटकावर कसले प्रश्न विचारले होते ते आठवावे. त्याचा अंदाज आपल्याइतका दुसऱ्या कोणालाही येणार नाही.

ज्या मुलाचा हात चालतो आणि ज्याला पुस्तकापेक्षा पंप उघडून पाहण्यात अधिक रस आहे, त्याला पीयू सायन्सला ढकलू नका. उद्यमबागेत आणि माच्छेच्या पट्ट्यात ओतकाम, मशीनिंग आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, आणि या सगळ्यांना माप वाचता येणारा, ड्रॉइंग कळणारा माणूस हवा असतो. दहावीच्या गुणांवर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा मिळतो आणि त्यानंतर डीसीईटी ही डिप्लोमाधारकांची प्रवेश परीक्षा देऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. दोन वर्षांची आयटीआय करणाऱ्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडे आहे. सरकारी टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटरचा टूल अँड डाय मेकिंगचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून पुढे एक वर्ष कारखान्यात काढावे लागते. सत्काराच्या कार्यक्रमात या वाटांचे नाव कोणी घेत नाही, म्हणून मुलांना त्या कमीपणाच्या वाटतात. वर्षातून एकदा सहलीची बस गोव्याच्या समुद्रकिनाऱ्याऐवजी उद्यमबागेकडे न्या. एखादा कारखानदार दोन तास फिरवून दाखवायला सहसा नाही म्हणत नाही.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. केसीईटीतून बीएस्सी कृषीला जाताना शेतकरी कुटुंबातील मुलांचा वेगळा कोटा असतो आणि त्यासाठी शेतीची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, ज्यात बियाणी, अवजारे, खते ओळखायची असतात. भाताचा तरवा टाकलेल्या मुलाला याची वेगळी शिकवणी नको. धारवाडचे कृषी विद्यापीठ आपल्यापासून दूर नाही. कॉमर्स आणि आर्ट्सबद्दल इथे विस्ताराने लिहीत नाही, कारण आपला प्रश्न सायन्सभोवती फिरतो. एवढेच सांगतो की मराठी ही भाषा पीयूला दुसरी भाषा म्हणून घेता येते, आणि ती ज्या कॉलेजात शिकवली जाते तेच कॉलेज शक्यतो निवडावे.

कन्नडविषयी लिहिताना मी शब्द जपून वापरतो, कारण आपल्या भागात हा विषय निघाला की आवाज चढतात. सीमाप्रश्नावर आपली भूमिका काहीही असो, मुलाच्या दप्तरातले कन्नडचे पुस्तक त्या वादात ओढू नये. नाडकचेरीतला, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातला अर्ज, बँकेतला फलक, कारखान्यातल्या फोरमनची सूचना, वसतिगृहातला सोबती, हे सगळे कन्नडमध्ये असते, आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमातही कन्नडचा एक छोटा विषय असतोच. जी मुले कन्नडमध्ये जेमतेम उत्तीर्ण होण्यापुरते वाचतात ती पुढे साध्या कामासाठी दुसऱ्याचे तोंड पाहतात. मराठी, कन्नड, इंग्रजी आणि थोडी कोंकणी अशा चार भाषांत वावरणारा मुलगा पुण्यात वा बेंगळुरूत कुठेही मागे पडत नाही. खानापूर तालुक्यात असा मुलगा घरातच तयार होऊ शकतो.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, तरी त्याला नववीतच हात घाला. आपल्या भागात मुलाचे नाव जन्मदाखल्यात कन्नडमध्ये, शाळेत मराठीत आणि आधारवर इंग्रजीत लिहिले जाते आणि तिन्हींची स्पेलिंगे तीन तऱ्हांची होतात. 'ज्ञानेश्वर' मराठी वळणाने डी-एन-वाय अक्षरांनी सुरू होतो आणि कन्नड वळणाने जे-एन अक्षरांनी. बेळगावच्या याच विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या आवाराचे नाव 'ज्ञान संगम' आहे, त्याचे इंग्रजी स्पेलिंग मुलांना एकदा दाखवा म्हणजे मुद्दा लगेच कळेल. दहावीच्या नॉमिनल रोलमध्ये, म्हणजे शाळेने बोर्डाला पाठवलेल्या परीक्षार्थींच्या यादीत, जे अक्षर जाते तेच मार्ककार्डावर छापले जाते, आणि पुढे शिष्यवृत्तीचे पैसे, केसीईटीचा अर्ज, बँकेचे खाते सगळे त्याच अक्षरावर अडते. त्यासोबत जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून काढून ठेवावा, आणि पहिलीपासूनचा अभ्यासदाखला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीनिशी तयार असावा. मूल एका गावच्या प्राथमिक शाळेतून दुसऱ्या गावच्या हायस्कुलात आलेले असेल तर दोन्हीकडचे दाखले लागतात, आणि जुन्या शाळेचे हेडमास्तर बदलून गेलेले असतात.

पैशाच्या बाबतीत आठवीतील एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा विसरू नका. सातवीत ५५ टक्के आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या सरकारी वा अनुदानित शाळेतील मुलाला ती देता येते, आणि निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मुलींचा बसचा खर्च जून २०२३ पासून महिलांच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेमुळे उरलेला नाही, मुलांना पास काढावा लागतो. तरीही पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडून रोज बेळगावला जाऊन सायन्सचे प्रॅक्टिकल सांभाळणे कठीणच; शक्य असेल तर पहिल्या वर्षी तरी मुलाला मागासवर्गीय व अल्पसंख्याक मुलांच्या सरकारी बीसीएम हॉस्टेलमध्ये किंवा नातेवाइकांकडे ठेवण्याचा विचार पालकांनी करावा, कारण ज्या मुलांची गळती मी पाहिली त्यांपैकी पुष्कळ जण दिवसाचे चार तास बसमध्ये घालवणारे होते.

आपल्या त्या मुलीविषयी आपण वेगळे विचारले नाही, पण तिला पुन्हा प्रथम पीयूला बसवावे आणि या वेळी वर सांगितलेली दोन रकान्यांची वही तिच्या हाती द्यावी. द्वितीय पीयूला आणि एसएसएलसीला आता एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा परीक्षेची संधी असते, म्हणून पुढे एखादा विषय राहिला तरी वर्ष वाया जाण्याची भीती पूर्वीइतकी नाही. तिने आपल्या आठवीच्या वर्गासमोर येऊन अर्धा तास बोलावे, जूनमध्ये तिला नेमके काय कळले नाही ते सांगावे, असेही मला वाटते. अर्थात तिची तयारी असेल तरच.

मुलाचे मात्र घाईने करावे लागेल. तो पीयूला नापास झालेला नाही, त्याने ते सोडले आहे, आणि त्याचे एसएसएलसीचे गुण कोणी काढून घेतलेले नाहीत. पॉलिटेक्निकचे अर्ज मे महिन्याच्या आसपास सुटतात आणि ते दहावीच्या गुणांवरच भरायचे असतात. त्याला फोन आपण स्वतः करा, घरच्यांकडून निरोप पाठवू नका, कारण घरून आलेल्या फोनला तो रागावणे समजेल. पुढच्या सुट्टीला गावी आला की मूळ मार्ककार्ड, आधार आणि कॉलेजातून राहून गेलेला टीसी घेऊन शाळेत यायला सांगा. टीसी अजून बेळगावच्या कॉलेजात असेल तर तो आणायला त्याला एकट्याला पाठवू नका. आपण किंवा आपले हेडमास्तर सोबत जा.